कळी, बगल आणि घेर

दरवर्षी १९ फेब्रुवारीला छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात, राजाबाजार, सिटी चौक, गुलमंडीच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. ढोल-ताशे, लेझीम, घोडे, आणि या सगळ्यांत शेकडो पोरं मावळ्यांच्या वेशात. मुली नऊवारीत, डोक्याला भगवा फेटा, कपाळावर चंद्रकोर. वर्षातून एकदा का होईना, पण एवढी माणसं स्वखुशीने तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या काळाचे कपडे अंगावर चढवतात, अशी शहरं जगात फार नाहीत. पाश्चात्त्य देशांत जुन्या काळचे वेश करण्याच्या या छंदाला मोठमोठ्या संस्था लागतात. आपल्याकडे तो जयंतीच्या मिरवणुकीत, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आणि ६ जूनला रायगडावर आपोआप उभा राहतो.

यातले बहुतेक कपडे मात्र भाड्याचे असतात. चकचकीत साटीनचा अंगरखा, त्याला सोनेरी लेस, पाठीमागे वेल्क्रो किंवा चेन, खाली पांढरी लेगिंग. उत्साहाबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. पण ज्या मुलाने इतक्या प्रेमाने तो वेश घातला, त्याला खरा अंगरखा कसा बेतला जाई, तो अंगावर कसा बसे, त्यात हात वर करून तलवार फिरवता येत असे ती कशामुळे, हे कळलं तर त्याचं प्रेम कितीतरी पटींनी वाढेल. हे प्रकरण त्या मुलासाठी आणि त्याला कपडा शिवून देऊ शकणाऱ्या त्याच्या आई, मावशी, काकांसाठी आहे.

या छंदाला जगात आज शिस्त आली आहे. अमेरिकेतल्या बर्कली इथे १९६६ साली काही मित्रांनी मध्ययुगीन युरोपच्या वेशात एक मेळावा भरवला आणि त्यातून हजारो सभासदांची संघटना उभी राहिली. त्याच दशकात इंग्लंडमध्ये जॅनेट अर्नोल्ड या बाईंनी संग्रहालयांतले जुने कपडे टेबलावर पसरून, इंचा-इंचाने मोजून त्यांचे कागदी नमुने छापायला सुरुवात केली. त्याआधी बहुतेक जण चित्रं पाहून अंदाजाने शिवत. अर्नोल्डबाईंनी शिवणीच्या आत पाहायला शिकवलं. जपानमध्ये १९८०च्या दशकात ‘कॉस्प्ले’ हा शब्द रूढ झाला आणि कल्पित पात्रांचे वेश करणाऱ्यांची वेगळी शाखा निघाली. आपल्या छंदाला त्यातली कल्पनेची शाखा थोडीच उपयोगाची आहे. अर्नोल्डबाईंची वाट मात्र सरळ आपल्या दारात येते.

आपल्याकडे वेशाची परंपरा रंगभूमीवरून आली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली आलं, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांच्या पैठण्या, शालू पाहायला बायका नाटकाला जाऊ लागल्या. राजा रविवर्म्याने पुराणातल्या नायिकांना नऊवारी नेसवली आणि त्या छापील चित्रांनी घराघरांत ठाण मांडलं. पुढे ऐतिहासिक चित्रपट आले. कपडेपट सांभाळणारे, ड्रेपरी भाड्याने देणारे लोक तयार झाले. त्यांचं काम रंगमंचाचं होतं. विसाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला राजा राजा दिसला पाहिजे, एका मिनिटात कपडा बदलता आला पाहिजे, शंभर प्रयोग टिकला पाहिजे. त्यासाठी मखमल, जर, टिकल्या, हुक हे सगळं योग्यच होतं. घोटाळा एवढाच झाला की रंगमंचाचा कपडा पाहत पाहत आपण त्यालाच इतिहासाचा कपडा समजू लागलो.

मग खरा कपडा पाहायचा कुठे? संभाजीनगरकराला या बाबतीत कुणाचाही हेवा करण्याचं कारण नाही. उत्तरेला शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे, वायव्येला तीस किलोमीटरवर वेरूळ, त्याच वाटेवर देवगिरी, दक्षिणेला पन्नास किलोमीटरवर पैठण आणि शहराच्या आत बीबी का मकबरा. दोन हजार वर्षांचा कपडा दिवसभराच्या अंतरात सापडतो.

अजिंठ्यापासून सुरुवात करावी. ही लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. रॉबर्ट गिलने १८४४ पासून कित्येक वर्षं इथे राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात आले. त्यांच्याही कामाचा बराच भाग लंडनमध्ये आगीतच गेला. तरी उरलेल्या प्रतींवरून त्यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड काढले. १९०९ ते १९११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्या मदतीला तरुण नंदलाल बोस होते. आणि नंतर हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी १९३० पासून पंचवीस वर्षांत चार भाग प्रसिद्ध केले. छंदिष्टाला ही नावं माहीत हवीत. आज भिंतीवर जो रंग उडालेला दिसतो, तो या जुन्या प्रतींत अनेकदा शाबूत सापडतो. एखाद्या शेल्याचा काठ कसा होता हे ग्रिफिथ्सचं पान पाहून कळतं.

लेण्यात शिरल्यावर पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की अजिंठा हा एक काळ नाही. नवव्या आणि दहाव्या लेण्यातली सगळ्यात जुनी चित्रं सातवाहन काळातली, इसवी सनाच्या आधीची. तिथे राजा आणि त्याचे लोक उघड्या अंगाचे, कमरेला नेसलेलं वस्त्र, डोक्यावर केसांसकट गुंडाळलेली, पुढे गाठ काढलेली पागोटी. शिवलेलं जवळजवळ काही नाही. पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं लेणं हे पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळचं. तिथे सगळं पालटलेलं आहे. पागोट्यांच्या जागी मुकुट आले, वस्त्रं तलम झाली, आडव्या पट्ट्यांची कापडं सर्रास दिसू लागली आणि शिवलेले कपडे आले.

शिवलेला कपडा कुणाच्या अंगावर आहे ते पाहा. राजा आणि राणी नेसलेल्या वस्त्रांत आहेत. शिवलेलं अंगात आहे ते सैनिकांच्या, दासींच्या, नर्तकींच्या आणि परदेशी माणसांच्या. पहिल्या लेण्यात महाजनक जातकातली नर्तकी लांब बाह्यांचा अंगाबरोबर बसलेला कपडा घालून नाचते आहे. त्याच लेण्यात टोकदार टोप्या, अंगरख्यासारखे कोट आणि दाढ्या असलेले लोक दिसतात. फर्गसनने त्यांना इराणच्या दुसऱ्या खुस्रूने पुलकेशीच्या दरबारी पाठवलेले वकील ठरवलं होतं. लेण्याचा काळ त्याच्या आधीचा निघाल्यावर ती गोष्ट मागे पडली, पण ते कपडे मध्य आशिया-इराणच्या बाजूचे आहेत यात वाद नाही. म्हणजे ज्याला काम करायचं, धावायचं, घोड्यावर बसायचं त्याला शिलाई लागली, आणि ज्याला बसून राहण्याचा मान होता त्याला ती लागली नाही. आपल्याला आज वाटतं की शिवलेलं म्हणजे उंची आणि नुसतं गुंडाळलेलं म्हणजे गरिबाचं. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या भिंतींवर हे नेमकं उलट दिसतं.

अजिंठ्याला जाताना बॅटरीचा झोत आणि फ्लॅश विसरायचा, वही आणि पेन्सिल घ्यायची. लेणी सोमवारी बंद असतात. एका दिवसात एकच लेणं बघावं, त्यातही सतरावं. प्रसाधन करणारी राजकन्या, तिच्या बाजूच्या दासी, विश्वंतराची कथा, सिंहलाची लढाई, हे सगळं तिथे आहे. पट्ट्यांच्या कापडावर ओळीने छोटे ठिपके दिसले तर तिथे थांबावं. बांधणी आणि पटोळ्यासारखी सूत रंगवून विणलेली कापडं तेव्हा होती, याचे हे भिंतीवरचे पुरावे आहेत. शिवण कुठून जाते, बाही कुठे संपते, काठ किती बोटांचा आहे, गाठ डावीकडे की उजवीकडे, एवढंच टिपायचं. चेहरे सगळे टिपतात.

अजिंठ्यावरून कपडा बेतण्याचं सगळ्यात गाजलेलं काम एका मराठी बाईने केलं आहे. भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये. वडील चित्रकार, स्वतः जे. जे.मध्ये शिकलेल्या, चित्रकार म्हणून प्रदर्शनंही केलेल्या. नंतर त्या चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्याच्या कितीतरी आधी, १९६६ च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला आणि वैजयंतीमालांचे ते कपडे तयार झाले. चित्रपट चालला नाही, कपडे मात्र अजून चालतात. आजही शाळेच्या संमेलनात प्राचीन काळची राणी उभी करायची तर नकळत भानूताईंचीच रेघ ओढली जाते.

इथे छंदिष्टाने एक हिशेब करावा. आम्रपाली आणि अजातशत्रू यांचा काळ बुद्धाचा, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या आसपासचा. सतराव्या लेण्याची चित्रं इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. मध्ये जवळजवळ हजार वर्षं आहेत, आणि मगध तर इथून कुठल्या कुठे. म्हणजे आम्रपाली पडद्यावर वाकाटकांच्या दख्खनचे कपडे घालून वावरते. यात भानूताईंचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बुद्धकाळचं एकही चित्र उरलेलं नाही, रंगात दिसणारा सगळ्यात जवळचा पुरावा अजिंठ्याचा, आणि त्यांनी तो डोळसपणे उचलला. पण आपण तो कपडा शिवताना त्याला ‘आम्रपालीचा’ म्हणण्याऐवजी ‘वाकाटककालीन दख्खनचा’ म्हणावं. शिवलेल्या प्रत्येक कपड्याला काळ आणि ठिकाण यांची चिठ्ठी लावता आली पाहिजे. ती लावता येत नसेल तर अभ्यास अजून बाकी आहे.

वेरूळची शिल्पं वेशासाठी तेवढी बोलकी नाहीत. दगडात तलम वस्त्र मांडीवरच्या दोन रेघांनी दाखवलं जातं, आणि त्यात पुरावा कमी, अंदाज जास्त ठरतो. दागिने, केशरचना आणि मेखला यांसाठी मात्र तिथे जरूर जावं. मंगळवार सोडून.

आता मिरवणुकीतल्या अंगरख्याकडे. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, १६५३ नंतर ती औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, झाली, आणि सतराव्या शतकाचा मोठा काळ हे शहर दख्खनच्या राजकारणाचं केंद्र राहिलं. इथे चित्रकारही होते. १६५० च्या सुमारास ‘रसमंजरी’ची एक सचित्र प्रत याच शहरात तयार झाली. त्या काळच्या दख्खनी आणि मुघल चित्रांत पुरुषाचा पोशाख ठरलेला दिसतो. अंगात जामा, म्हणजे छातीशी घट्ट, कमरेपासून खाली घेरदार, एका पाख्यावर, म्हणजे पुढच्या भागावर, दुसरा पाखा घेऊन काखेजवळ बंदांनी बांधलेला. खाली पायाशी चुण्या पडणारी विजार. कमरेला पटका, त्याची फुलांची टोकं पुढे सोडलेली. उन्हाळ्याचा जामा इतका तलम की आतली विजार दिसते.

छत्रपती शिवाजी महाराजांची जी समकालीन किंवा जवळच्या काळातली चित्रं डच लोकांमार्फत युरोपात गेली आणि आज तिथल्या संग्रहालयांत आहेत, त्यांतही हेच दिसतं: जामा, पटका, विजार, डोक्यावर पिसाचा तुरा लावलेलं बसकं पागोटं. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत आपल्याकडे भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३०च्या दशकात अस्सल चित्र पुढे आणलं तेव्हा ते थांबलं. त्या चित्रात मखमलीचा डगला नाही आणि छातीवर पदकांची रांग नाही. कपडा साधा आहे, पण त्याची बैठक उत्तम आहे.

जामा कोणत्या बाजूला बांधायचा? मुघल काळापासून रीत अशी की मुसलमान तो उजव्या काखेकडे बांधत आणि हिंदू डाव्या. जुनी चित्रं ओळखताना अभ्यासक हीच खूण पाहतात. मात्र आरशात पाहून किंवा मोबाइलवर उलटा झालेला फोटो पाहून बेतलात तर बाजू हमखास उलटते. कापायच्या आधी कापडावर खडूने ‘डावा पाखा वर’, ‘उजवा पाखा वर’ असं लिहून ठेवावं.

आता कात्री घेऊ. आजचा शर्ट शिवताना आपण मुंढ्याला गोलाई देतो, बाहीचा वरचा भाग कमानीसारखा कापतो, आणि वाया जाणारे तुकडे फेकून देतो. जुना शिंपी असं करत नसे. हातमागावर इंच-इंच विणलेलं कापड त्याच्या हाती येई, आणि ते वाया घालवणं त्याला परवडत नसे. म्हणून जामा, अंगरखा, बाराबंदी यांचा सगळा बेत चौकोन आणि तिरक्या कापांवर उभा आहे.

घेर कसा येतो ते प्रत्यक्ष करून पाहू. ३६ इंच पन्ह्याचा मांजरपाट घ्या, गुलमंडीत किंवा टिळकपथावर सहज मिळतो. त्यातून १४ इंच रुंद आणि ३० इंच लांब असा आयत कापा. त्याच्या वरच्या कडेवर डावीकडून साडेतीन इंचांवर खूण करा, खालच्या कडेवर डावीकडूनच साडेदहा इंचांवर. दोन्ही खुणा जोडणाऱ्या तिरक्या रेघेवर कापा. दोन तुकडे झाले. उजवा तुकडा उलटा फिरवा. आता हातात दोन सारख्या कळ्या आहेत, वर साडेतीन इंच, खाली साडेदहा. कापड एक सूतही वाया गेलेलं नाही. ३६ इंचांच्या पन्ह्यात असे दोन आयत शेजारी बसतात, म्हणजे ३० इंच लांबीत चार कळ्या, आणि तीन मीटरच्या थोड्या वर कापडात १६. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की प्रत्येक कळी वर अडीच आणि खाली साडेनऊ इंच उरते. सोळा कळ्या जोडल्यावर कमरेला ४० इंच आणि खाली १५२ इंच घेर. कंबर ३२ असेल तर आठ इंच एका पाख्यावर दुसरा घ्यायला मिळाले.

जोडताना एका कळीची सरळ कड दुसऱ्या कळीच्या तिरक्या कडेला लावायची. तिरकी कड ताणली जाते, सरळ कड तिला धरून ठेवते. दोन तिरक्या कडा एकमेकींना लावल्या तर महिनाभरात घेर खाली लोंबायला लागतो. आणि पन्ह्याच्या कडेला जो आठ इंचांचा लांबलचक पट्टा उरला, त्यातून बंद, गळ्याची पट्टी, काठाचा गोट आणि बगल निघते.

ही बगल म्हणजे सगळ्या रचनेचा प्राण. बाही सरळ पट्टीची, अंगही सरळ, दोन्ही काटकोनात जोडले तर हात वर केल्याबरोबर सगळा कपडा कमरेतून वर ओढला जातो. म्हणून काखेत पाच-सहा इंचांचा चौकोनी तुकडा कोपऱ्यावर उभा करून बसवायचा. जुन्या हिंदुस्थानी शिवणकामात त्याला चौबगला म्हणतात. तो बसला की दंड कानाला लावला तरी कमरेचा बंद जागचा हलत नाही. भाड्याच्या मावळ्याच्या वेशात तलवार उगारून पाहा, मग बगलेचा अंगरखा घालून उगारा. तलवारबाजीबद्दल जे कळायचं ते त्या एका हालचालीत कळतं.

ज्याला जामा अवघड वाटतो त्याने बाराबंदीपासून सुरुवात करावी. कमरेपर्यंतचा आखूड कपडा, बंदांच्या सहा जोड्या, घेर नाहीच. मावळ्याला तो शोभतोही जास्त. मावळा म्हणजे डोंगरातला शेतकरी. त्याच्या अंगावर जाडं सुती कापड, खाली आखूड चोळणा, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी असे. तो साटीनमध्ये कधी नव्हताच. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने राजाचा वेश करूच नये. राजाच्या वेशात चूक झाली तर लोकांना ती खटकते, आणि खटकलीच पाहिजे, कारण ती पूज्य माणसं आहेत. हरकारा, बारगीर, विणकर, लोहार, पाणी भरणारी बाई, यांचे कपडे शिवावेत. ते कमी कापडात होतात, त्यांचा अभ्यास अजून कुणी पुरेसा केलेला नाही, आणि मिरवणुकीत हजार सरदारांमध्ये एक खरा हरकारा लगेच उठून दिसतो.

शिवण हाताने घालायची की मशीनने? एलायस होवेचं मशीन १८४६ सालचं, सिंगरचं १८५१ चं. त्याआधीची जवळजवळ प्रत्येक शिवण हाताची होती. माझा सल्ला असा की आतल्या लांब शिवणी मशीनवर घालाव्यात, आणि जे बाहेरून दिसतं ते, म्हणजे काठ, गळा, बंद, हाताने करावं. कळ्या जोडायला धावदोरा, ताण येतो तिथे बखिया, काठाला तुरपाई. इंचाला आठ-दहा टाके पडले की पुरे. चेन, वेल्क्रो, प्रेसबटण यांना जागाच नाही. बांधायला बंद होते आणि कापडाची घुंडी व फास होता.

कापडाच्या बाबतीत या शहराला मिळालेला वारसा वेगळाच आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तेर ही दोन्ही गावं येतात. पैठणहून भडोचला अकीकासारखे दगड जात आणि तेरहून तऱ्हेतऱ्हेचं सुती कापड. पैठणीचा काठ आणि पदर दोन्ही बाजूंनी सारखा विणला जातो, उलटी बाजू शोधावी लागते. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणच्या आसावली नक्षीच्या वस्त्रांची मागणी आढळते. म्हणून अठराव्या शतकाचा शेला करायचा असेल तर आसावली वेल निवडावी. ज्या मोराच्या पदराला आज सगळ्यात मागणी आहे, तो जुन्या काळासाठी डोळे झाकून वापरू नये.

शहराचं स्वतःचं कापड हिमरू. ताणा सुती, नक्षी रेशमी, आणि न दिसणारे धागे मागच्या बाजूला सुटे तरंगत राहतात. त्यामुळे कापड जाड आणि उबदार होतं. त्याचा मूळ आदर्श जरीचा किमखाब. किमखाबाचं वजन आणि किंमत टाळून तोच दिमाख हिमरूने सामान्य सरदाराच्या आवाक्यात आणला. निजामाच्या अमलात त्याच्या शेरवान्या होत. त्याचाच शेजारी मश्रू: वरून रेशीम, आतून अंगाला सूत, कारण शुद्ध रेशीम अंगाला लागू नये असा मुसलमान पुरुषांचा धर्मनियम होता. आज शहरात हातमागावरचा हिमरू विणणारे अगदी मोजके उरले आहेत, आणि ‘हिमरू’ म्हणून विकलं जाणारं बरंच कापड पॉवरलूमचं असतं. कापड उलटं करून पाहावं, विणणाऱ्याच्या दारात जाऊन घ्यावं. एका अंगरख्याला गळ्याची आणि काठाची पट्टी अस्सल हिमरूची लावली, बाकी सगळं मांजरपाटाचं ठेवलं, तरी तो कपडा भाड्याच्या दहा कपड्यांना भारी पडतो.

रंगाबद्दल एकच भान ठेवायचं. पर्किनने १८५६ साली पहिला कृत्रिम रंग काढला. त्याआधी लाल यायचा तो आल आणि मंजिष्ठेतून, निळा निळीतून, पिवळा हळद आणि डाळिंबाच्या सालीतून, काळा हिरडा आणि लोखंडातून. कुसुंब्याचा गुलाबी-केशरी झगझगीत असे, पण उन्हात आणि धुण्यात उडे. हे रंग शेजारी शेजारी ठेवले की एकमेकांशी भांडत नाहीत. पॉलिएस्टर तर १९४१ चं. त्यावरचा लखलखता भगवा कॅमेऱ्यात लांबूनही ओळखू येतो. पटक्याच्या टोकावर काय काढायचं असा प्रश्न पडला तर बीबी का मकबऱ्यात जावं. दिलरस बानूच्या या कबरीच्या गिलाव्यात आणि दगडात जी एकेका रोपाची फुलं ओळीने काढली आहेत, तशीच रोपं त्या काळच्या पटक्यांवर असत. घर आणि कपडा यांची नक्षी तेव्हा एकच होती.

बायकांच्या वेशाची कथा थोडक्यात सांगून चालणार नाही, पण निदान नऊवारीबद्दल बोललं पाहिजे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. काष्टा घालून नेसलेली नऊवारी हा कोणताही टाका न घालता केलेला पायजमा आहे. त्यात शेतात वाकता येतं, घोड्यावर बसता येतं, भांडताही येतं. हल्ली सर्रास मिळते ती शिवलेली नऊवारी, पायात घालून नाडी बांधायची. लग्नात घाईच्या वेळी तिचा उपयोग आहे, आणि दुचाकीवरून शोभायात्रेत जाणाऱ्या मुलींना ती सोयीची वाटते हेही समजतं. पण ज्या मुलीला हा छंद लागला आहे तिने एकदा तरी घरातल्या म्हाताऱ्या बाईसमोर उभं राहून नेसायला शिकावं. निऱ्या किती घ्यायच्या, काष्टा कुठे खोचायचा, ओचा किती सोडायचा, हे पुस्तकातून येत नाही. वर खणाची चोळी हवी. हा खण बहुतेक करून गुळेदगुड्डचा, कर्नाटकातला, पण महाराष्ट्राने तो पिढ्यान्‌पिढ्या आपला मानला. जुन्या चोळीला पुढे गाठ असे, खांद्यावर शिवण नसे, आणि ती अंगावर बसे ती तुकड्यांच्या तिरक्या कापामुळे. ब्लाउजच्या टक्सवर चोळी बेतली की ती चोळी राहत नाही.

सगळं शिवून झाल्यावर कपडा घालून दिवसभर वावरावं. मांडी घालून जेवावं, जिना चढावा, वाकून पाणी प्यावं, उन्हात तासभर चालावं. पटका घट्ट बांधला की पाठ आपोआप ताठ होते, आणि चित्रांतले लोक तसे उभे का असतात ते उमगतं. पागोट्याखाली डोकं तापत नाही, पॉलिएस्टरच्या टोपाखाली तापतं. विजारीला खिसा नाही, म्हणून पैसे, पान, कागद सगळं पटक्यात खोचलं जातं. असं काही अंगावर घेतल्याशिवाय सुचत नाही, आणि सुचलं की वहीत लिहून ठेवावं.

शिकायला शहरातच छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय आहे, तिथे चिलखत आणि जुनी पैठणी पाहता येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने पोशाख आहेत, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचं स्वतंत्र दालन आहे. पण काचेआडचा कपडा उलटून पाहता येत नाही.

तो उलटून पाहता येतो घरातच. मराठवाड्यात अजून अनेक घरांत माळ्यावर ट्रंका आहेत. त्यात पणजोबांची बाराबंदी, आजीच्या तरुणपणची खणाची चोळी, जरीचा काठ विरलेला शेला असतो. घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत हे भांड्यांवर देऊन टाकलं जातं किंवा जर वितळवायला जाते. देण्याआधी तो कपडा एका पांढऱ्या चादरीवर पसरा. टेपने प्रत्येक तुकडा मोजा, वही-पेन्सिलने आकार काढा, शिवण कुठे आणि टाका कोणता ते लिहा, आतली बाजू फोटोत घ्या, आणि कुणाचा, कुठला, अंदाजे कोणत्या सालचा ही माहिती त्याच पानावर नोंदवा. जॅनेट अर्नोल्डने जे इंग्लंडसाठी केलं ते मराठी कपड्यांसाठी अजून व्हायचं आहे, आणि ते करायला लागणारे कपडे संग्रहालयांपेक्षा आपल्याच घरांत जास्त आहेत. पुढच्या शिवजयंतीला अंगरखा शिवायचा विचार असेल तर कापड आणायच्या आधी ती ट्रंक उघडा.